लहान मूल घरी आणायचंय? आधी वाट नीट ओळखा

ताई, प्रतिपालकत्वातून किंवा बालसंगोपन योजनेतून लहान बाळ दत्तक मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही प्रतिपालकत्व (म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणं) आणि दत्तक एकच धरताय. केंद्राच्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालकत्व सहा वर्षांवरील मुलांसाठी आहे. दत्तकाची मागणी 2 वर्षं सांभाळल्यावर करता येते. बालसंगोपन योजना तर मुलांच्या सांभाळासाठी राज्य सरकारची मदत आहे, ती दत्तकाची वाटच नाही. दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल तर थेट 'कारा'च्या (दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नोंदणी करा.

अशा बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज 85 पर्यंत हवी, लग्नाला निदान 2 वर्षं झालेली हवीत.

खरी अडचण कागदांत येते. सोलापुरात तेलुगू, कन्नड आडनावं आधारवर एक, पॅनवर दुसरी अन् विवाह दाखल्यावर तिसरीच असतात. नोंदणीआधी ती सारखी करून घ्या, नाहीतर तुमच्या घराच्या पाहणीचा अहवाल अडतो. गृहभेटीला घर सजवू नका. सासूबाईंना मात्र आधी विश्वासात घ्या, कारण पाहणीला येणाऱ्या समाजकार्यकर्त्या त्यांच्याशीही बोलतात.

प्रतीक्षा लांबते, पण बाळाची माहिती आली की राखून ठेवायला फक्त 48 तासच मिळतात. मोबाइल नंबर बदलू नका. बाळ राखल्यावर त्याचा वैद्यकीय अहवाल स्वतःच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घाईत होकार देऊ नका.

स्वीकारल्यावर बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येतं. दत्तकाचा आदेश आता न्यायालय नव्हे, जिल्हाधिकारी देतात. पुढे 2 वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते.

आणि कुणी दवाखान्यातून 'परस्पर मूल देतो' म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. बाल न्याय कायद्याच्या कलम 80 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.