वाचक विचारतात: आजोबांची शिकार नातवाला कशी शिकवायची?

प्रश्न: आमचं गाव राजापूर तालुक्यात, राहतो डोंबिवलीला. वडील जुने शिकारी, घरात ठासणीची बंदूक अजून आहे, शेतीसंरक्षणाच्या लायसनवर. पूर्वी शिमग्याच्या आसपास पारध निघायची, हाकारे उठायचे, डुकराचे वाटे घरोघर जायचे. माझा मुलगा 11 वर्षांचा, सारखा मोबाइलवर. आजोबा म्हणतात, या सुट्टीत याला रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसवतो, डुक्कर कसं टिपायचं ते बघू दे. बायको ठाम नाही म्हणते. मग आमच्याबरोबरच हे सगळं संपवायचं का?

उत्तर: बंदुकीपुरतं वहिनींचं ऐका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि 2022 ची दुरुस्ती लागू झाल्यापासून रानडुक्कर काय, साधा ससा काय, दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शेतीसंरक्षणाचं लायसन म्हणजे शिकारीचं परमिट नव्हे, हा घोळ गावोगावी आहे. डुकरं भात नासत असतील तर वन खात्याकडे अर्ज करा, लेखी परवानगी मिळाली तरच पुढचं. आणि लायसनसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा नातवाच्या हातात बंदूक हा विषयच नाही. शिवाय अंधारात हललं ते डुक्कर समजून बार टाकला आणि निघाला आपलाच माणूस, अशा बातम्या कोकणात अधूनमधून येतातच की.

पण आजोबांना जे येतं त्यात बार टाकणं हा शेवटचा एक सेकंद, बाकी सगळं रान वाचणं आहे. ते द्या ना पोराला. सकाळी दोघांना पाणवठ्यावर पाठवा, चिखलात डुक्कर कुठे लोळलंय, खूर ताजा आहे की कालचा, कडा कोरड्या पडून ढासळल्यात का, वारा कुठून येतोय, हे आजोबा दाखवतील आणि यात कायदा मोडत नाही.

आणि पकडून खायचंच असेल तर पाऊस सुरू झाल्यावर व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, कुर्ल्यांना (खेकड्यांना) जा, अर्थात अभयारण्याची हद्द सोडून. रात्री टॉर्चचा झोत अंगावर पडला की कुर्ली क्षणभर थिजते, तेवढ्यात मागून पाठीवर बोट-अंगठ्याने धरायची, डेंगे (नांग्या) पोचत नाहीत तिथे. मग उलटी करून बघायची. पोटाखालचा पडदा अरुंद त्रिकोणी असेल तर नर, रुंद असेल तर मादी, आणि मादीचा पडदा फुगलेला दिसला तर हलकेच उचलून बघा, आत अंडी नाहीतर मोहरीएवढी पिल्लं असतात. गोड्या पाण्यातली कुर्ली पिल्लं पोटाशीच वाढवते. ती मादी तिथल्या तिथे सोडायची, हा नियम पहिल्याच रात्री पोराला लावून द्या. चढणीच्या माशांचंही तेच, पहिल्या पावसात वर चढतात ते गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेले असतात, सगळेच ओरपले तर पुढच्या वर्षी चढणार काय? (समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवतात ती याचसाठी. ओढ्यावर ती आपणच पाळायची.)

बिळात हात घालू देऊ नका, आजोबा कितीही म्हणाले तरी, फुरशासारखा विषारी साप काय पाटी लावून बसत नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, पावसाळ्यात लेप्टोच्या तापाचं भय असतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली की खेकडा हातात असला तरी सोडून काठावर.

प्रश्न: माझी मुलगी 7 वर्षांची. काकांबरोबर खेकड्यांना हौसेने गेली, पण घरी तोडताना बघून रडली. पुन्हा न्यावं का?

उत्तर: ती म्हणाली तर न्या, बळजबरी नको. तिला टॉर्च द्या, कुठली सोडायची ते तिला ठरवू दे. तोडताना मुद्दाम समोर बसवू नका आणि लपवाछपवीही करू नका. विचारलंच तर सरळ सांगायचं, जिवंत होता, आपण मारला, आता कालवण होणार. तो झोपलाय वगैरे थापा नकोत, पोरं बरोबर ओळखतात. ताटात नको म्हणाली तर त्या दिवशी तिला डाळभात वाढा, आणि काकांनी चिडवायचं नाही.