रीगाचे स्प्रॅट्स आणि व्याही

प्रश्न: भाचा लॅटव्हियात रीगाला शिकतो, त्याने स्प्रॅट्स म्हणून स्मोक्ड माशांचे चपटे डबे आणलेत. तळायचे की कालवण करायचं? व्याह्यांना एक डबा दिला तर चालेल ना?

उत्तर: ताई, तळू नका हो! मासा शिजलेलाच असतो, अल्डरच्या लाकडाचा धूर देऊन तेलात भरतात नि सील केलेला डबा परत तापवतात, म्हणून बंद असेपर्यंत फ्रीजबाहेरही टिकतो. बोटाएवढे सोनेरी मासे, काटे इतके मऊ की काट्यासकट खायचे. टोस्टवर दोन मासे, वर उकडलेल्या अंड्याची चकती, लिंबू, बास. उरलेलं तेल उकडलेल्या बटाट्यावर घाला, फेकलंत तर पाप लागेल. सोव्हिएत काळात हा डबा सहज मिळायचा नाही, लोक न्यू इयरच्या टेबलासाठी जपून ठेवायचे, त्यामुळे भेट म्हणून मस्तच, फक्त व्याही माळकरी नाहीत ना ते आधी बघा.