रिमोट चालतो म्हणून चावी ठीक आहे, असं कुणी सांगितलं?

ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, बदलू नका. निदान दुसऱ्या चावीनं गाडी चालू करून बघितल्याशिवाय तर अजिबात नका.

तुम्ही लिहिलंय की सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं, एखाद्या वेळी क्षणभर धरतं आणि लगेच बंद पडतं, मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहतं. चावीतला सेल बदलला, दरवाजे रिमोटनं नीट उघडतात, ‘म्हणजे चावी तर ठीक आहे’. मग इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) गेला का, मिस्त्री म्हणतो तसा ईसीएम बदलावा लागेल का, आणि इमोबिलायझर कायमचा काढून टाकता येतो का, असे तुमचे प्रश्न आहेत. बाकी ठीक, पण ते ‘म्हणजे चावी तर ठीक आहे’ वाचून डोकं फिरलं माझं. हेच वाक्य मी आमच्या थोरल्या साडूंच्या तोंडून ऐकलंय. औशाच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात, मे महिन्याच्या उन्हात, नवरी गाडीत बसलेली असताना.

आधी मुद्दा सांगतो. चावीच्या त्या प्लास्टिकच्या खोक्यात दोन वस्तू असतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. एक रिमोटची पट्टी. तिला सेल लागतो, ती फक्त दरवाजे उघडते-लावते. दुसरी चिप. तिला सेल लागत नाही. चावी जिथं घालतो त्या स्विचभोवती तांब्याच्या बारीक तारेची एक रिंग असते. चावी ऑन केली की रिंगेतून १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचा करंट जातो (घरच्या लाइनला ५० हर्ट्झ असतो, त्यावरून अंदाज घ्या), त्यावर चिपमधली कॉइल जागी होते आणि आपला कोड परत पाठवते. हा सगळा खेळ जेमतेम काही सेंटीमीटरच्या आत चालतो. कोड जुळला तर पेट्रोल सुटतं, नाही जुळला तर ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो. सेल्फ बिचारा फिरतच राहतो. काही गाड्यांत कोड तपासेपर्यंत इंजिनला क्षणभर मोकळीक असते, म्हणून तुमची गाडी धरते आणि मरते. तेव्हा सेल बदलून तुम्ही काय केलं, तर दाराची सोय केली.

माझं लातूरला मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचं, दुकान आहे. बोअरच्या सबमर्सिबल, विहिरीच्या मोनोब्लॉक, उन्हाळ्यात रात्रीचंही काम असतं. गाड्यांचा मिस्त्री मी नाही. पण कॉइल म्हणजे काय, हे मला नांदेडच्या सीनियर कॉलेजातल्या प्राध्यापकानं शिकवायची गरज नाही. साडू प्राध्यापक आहेत. विषय विज्ञानाचा नाही, तरी बोलतात सगळ्यावर.

तर मेव्हण्याचं लग्न होतं. नवरी आणायला गाडी साडूंची, झेंडू आणि शेवंतीनं मढवलेली. त्यांच्या चावीचं मूळ खोकं फुटलं होतं म्हणून त्यांनी ऑनलाइन एक घडीची चावी मागवून आतलं सगळं स्वतःच त्यात बसवलं होतं, आणि त्याचं कौतुक आम्ही साखरपुड्यापासून ऐकत होतो. लग्नाच्या दिवशी रिमोट नीट चालेना. मंगलाष्टकं चालू असताना हे पायऱ्यांवर बसून रुपयाच्या नाण्यानं चावी उघडत होते. सीआर २०३२ सेल घातला, कुलूप टक्कन लागलं, माझ्याकडं बघून हसले.

पाठवणीला गाडी चालू होईना.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणे पेट्रोल संपलं, कुणी म्हणे उन्हानं पंप तापला. मामा म्हणाले, अजून एक नारळ फोडा. नवरीकडची पोरं आधीच चेकाळलेली, “आमच्या ताईनंच धरून ठेवलीय गाडी” म्हणत त्यांनी आत बसलेल्या नवरा-नवरीसकट धक्का मारत गाडी फाट्यापर्यंत नेली आणि परत आणली. झेंडूच्या माळा तुटून चाकाखाली. इमोबिलायझरनं अडवलेली गाडी धक्क्यानं चालू होत नसते, तिला औशाहून तुळजापूरपर्यंत ढकला. रस्त्यावरचा एक मिस्त्री आणला. त्यानं बिघाडाचे कोड वाचायचा स्कॅनर लावला नाही, फ्यूज बघितला नाही, नुसता कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “ईसीएम गेला. टोचन करून लातूरला न्या.”

मी म्हणालो, “पाव्हणं, चावी बघू जरा.”

साडूंनी सगळ्यांसमोर रिमोट दाबला. टुक-टुक. “चावी तर ठीक आहे की! तुम्ही आपल्या पाण्याच्या मोटारी भरा, ह्यात नका पडू.”

वऱ्हाड हसलं. मी विचारलं, दुसरी चावी कुठंय? तर नांदेडला, कपाटात.

ते बॅटरीकडं वळले तशी चावी मी घेतली आणि उघडली. नवा सेल होता, पट्टी होती, आणि कडेला एक रिकामा खाचा. चिप त्यात नुसती ठेवलेली असणार, डिंकाचा एक थेंब नाही. खोकं उघडलं तेव्हा ती पडली, आणि पडली ती पायऱ्यांवर. तिथं तोवर कार्यालयाच्या बाईंनी झाडून ढीग केला होता. म्हटलं, मावशी, थांबा, हा ढीग हलवू नका. मी आणि साडूंची धाकटी लेक उकिडवे बसलो. कुंकवानं रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता, गुलाबाच्या पाकळ्या, बडीशेपेच्या पुड्या, एक तुटकी बांगडी. पोरीची बोटं बारीक, तिलाच सापडली: चिंचोक्याएवढा काळा तुकडा, एका कडेला निमुळता, सेल नाही, तार नाही, काही नाही. कुणीही खडा म्हणून फेकून दिला असता.

खिशात इन्सुलेशन टेप असतोच. चिप चावीच्या डोक्याला चिकटवली, गाडीत बसलो, चावी ऑन केली. लुकलुकणारं चिन्ह विझलं. सेल्फ मारला, गाडी चालू.

आता खरी गंमत. मी सेल्फ मारला तेव्हा साडूंचं डोकं बॉनेटमध्ये होतं आणि हात बॅटरीच्या टर्मिनलवर. त्यामुळे आजतागायत सासरच्या प्रत्येक कार्यक्रमात एकच गोष्ट सांगितली जाते, की टर्मिनल ढिलं होतं, साहेबांनी हलवलं आणि गाडी चालू झाली. अहो, टर्मिनल ढिलं असतं तर सेल्फ इतका जोरात फिरला असता का? कट-कट वाजून बसला असता, मीटर मंद झालं असतं. फाट्यापर्यंत धक्के खाऊन न सुटलेलं टर्मिनल नेमकं त्याच क्षणी बसलं? मी त्यांना तिथंच म्हणालो होतो, तो टेप काढा आणि टर्मिनल हलवून चालू करून दाखवा. काढला नाही. टेप लावलेली चावी घेऊन गुपचूप नांदेडला गेले आणि तिथल्या चावीवाल्याकडून चिप चिकटवून घेतली. हे मला त्यांच्या लेकीनंच सांगितलं.

तर तुमचं. सेल बदलताना चावी कुठं उघडली होती ती जागा आधी झाडा, मग पुढचं. खोकं उघडून चिप जागेवर आहे का बघा, आणि उघडाल तेव्हा खाली ताट ठेवा. जुडग्यातल्या बाकीच्या चाव्या काढून टाका. दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी शेजारी लटकत असेल तर कोड वाचण्यात घोळ होतो. दुसऱ्या चावीनं गाडी चालू झाली तर दोष पहिल्या चावीत, विषय संपला. दोन्हींनी नाही झाली तर बॅटरी मोजा. गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, कारण सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की वाचणारं यंत्रच नीट जागं राहत नाही. मग फ्यूज, मग स्विचभोवतीच्या रिंगेचा सॉकेट. रिंग म्हणजे नुसती तार, मीटर लावून कंटिन्युइटी बघितली की तुटलीय का ते कळतं. सोयाबीनच्या दिवसांत गाडी शेताकडं उभी राहत असेल तर उंदरांनी वायरिंग खाल्लंय का तेही बघा. एवढं झाल्यावर स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचून घ्या. ईसीएमचं नाव त्यानंतर. स्कॅनर न लावता ईसीएम सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

इमोबिलायझर काढून टाकायचं डोक्यातून काढा. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे, तो चोर अडवायला. आणि गाडी चोरीला गेली तर विमावाले मूळ चाव्या मागतात, सगळ्या. एक हरवलीय म्हटलं की प्रश्न सुरू. दुसरी चावी नसेल तर करून घ्या, पण नुसती कापून आणलेली चावी दार उघडेल, सेल्फ मारेल, गाडी चालू करणार नाही. चिप गाडीला शिकवून घ्यावी लागते.

हे सगळं चावी फिरवायच्या गाडीबद्दल बोललो, हे आधीच सांगायला पाहिजे होतं. बटणाची गाडी असेल तर तिथं सेलचा संबंध असतो. सेल उतरला असेल तर बहुतेक गाड्यांत चावी बटणाला टेकवून बटण दाबलं की चालू होते. काही चाव्यांत चिप पट्टीवरच डाग दिलेली असते, मग वेगळा तुकडा शोधत बसू नका. काही गाड्यांत सेल्फसुद्धा फिरत नाही. आणि चिन्हाचं लुकलुकणं प्रत्येक कंपनीचं वेगळं, गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा. चिन्ह वेळेवर विझत असेल आणि तरी गाडी धरत नसेल, तर वरचं सगळं विसरा, गाडीच्या टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपापासून सुरुवात करा.

गाडी कुठली, कुठल्या सालची, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते लिहा, आणि दुसऱ्या चावीनं काय झालं तेही. तोवर त्या मिस्त्रीला काही खोलू देऊ नका.