उपदेश ऐकलास ना, आता वचन उघड

भाऊ, मांडवातल्या सभेत वक्ता म्हणाला की विश्वास पक्का असेल तर बीपीच्या गोळ्या सोडा. गोळ्या सोडू नकोस. त्याने बायबलमधलं यशया ५३:५ वाचलं, ख्रिस्ताला बसलेल्या फटक्यांनी आपण बरे झालो असं सांगणारं, पण २ तीमथ्य ४:२० वाचलं नाही. सोबती त्रफिम आजारी होता म्हणून प्रेषित पौल त्याला मिलेत शहरात ठेवून आला. आता पौलाचाच विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे? १ तीमथ्य ५:२३ मध्ये तर तो आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो.

वक्ता जे वचन सांगेल ते वहीत टिप आणि घरी अख्खा अध्याय वाच. यिर्मया २९:११, म्हणजे देवाच्या मनात आपल्या हिताच्या योजना आहेत हे वचन, आपल्या नंदुरबार-नवापूरकडे कित्येक घरांत भिंतीवर दिसतं. त्याच्या आधीचं दहावं वचन बाबेलमधल्या ७० वर्षांच्या बंदिवासाचं, ते कॅलेंडरवर कोण छापणार!

बिरुया गावच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळलं आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांची स्तुतीच आहे. म्हणून 'अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्या सेवकाला) प्रश्न विचारू नये' असं कुणी दटावलं की सावध हो. मंतरलेल्या तेलाच्या बाटलीला पैसे मागितले, तर सरळ उठून ये.

आपल्या पाळकांना मात्र चारचौघांत नको, उपासना झाल्यावर बाजूला घेऊन विचार. अहिराणीत विचारलंस तरी चालेल.