४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का?

नाही, मूळ नाहीये. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, आणि तिचे अवयव आहेत ६४१ आणि ६७,००,४१७, हे दोन्ही मात्र मूळ.

गणितज्ञ फर्माला वाटायचं की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ (२ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या संख्या) मूळ आहेत म्हणजे त्याच पॅटर्नमधली ही पुढचीपण असणारच, पण १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ते खोडून काढलं. नंतर त्यानेच दाखवलं की हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ ने भागला की बाकी १ च उरते, म्हणजे तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग थेट ६४१, बास एवढंच!

मला सगळ्यात आवडतं ते हे, कॅल्क्युलेटर लागतच नाही: ६४१ = ५×१२८+१, आणि ६४१ = ६२५+१६ पण. पहिल्यावरून ५×१२८ ला ६४१ ने भागलं तर बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), चौथा घात घेतला की ६२५×(२ चा २८ वा घात) ची बाकी १, आता दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ टाका, १६ म्हणजे २ चा ४ था घात, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. एकदा वहीवर करून बघाच, भारी वाटतं.

६५,५३७ च्या पुढे या पॅटर्नमधली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.