आयुष्यातल्या अनुभवांची कथा कशी करायची?

तुम्ही विचारलंय की आयुष्यात सांगण्यासारखं बरंच घडलंय, पण लिहायला बसलं की डायरी होते, कथा काही होत नाही. बहुतेकांचं अडतं ते इथेच: जे जसं घडलं ते त्याच क्रमाने, कुणालाही न वगळता लिहायचा हट्ट. एखादा प्रसंग गाळला तर खोटेपणा होईल असं वाटत राहतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. अनुभवातलं जे अजून सलतंय, तेवढं खरं ठेवा. प्रसंग, माणसं, शेवट, सगळं बदलायची मुभा स्वतःला द्या.

अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, इटलीत जखमी झाला आणि रुग्णालयातल्या एका परिचारिकेच्या प्रेमात पडला. पुढे तिने पत्र पाठवून नातं संपवलं. 1929 मध्ये त्याची 'अ फेअरवेल टू आर्म्स' ही कादंबरी आली, तिच्यात मात्र परिचारिका बाळंतपणात दगावते. याच कादंबरीतलं इटालियन सैन्याच्या माघारीचं वर्णन खूप गाजलं. ती माघार 1917 ची, तेव्हा तो इटलीत पोहोचलाही नव्हता! घटना बदलल्या, गमावणं तेवढं राहिलं. मधल्या दहा-अकरा वर्षांचाही त्यात वाटा असावा असं मला वाटतं. जखम ताजी असते तेव्हा आपण कथा लिहीत नाही, आपली बाजू मांडत असतो.

माझ्यापुरतं सांगते. वडील गेल्यावर घर आवरताना थोरल्या भावाशी माझं एका बंद पडलेल्या रेडिओवरून वाजलं. प्रत्यक्षात तो तिढा बरेच महिने चालला. कागदपत्रं, रात्रीचे फोन, समजूत घालायला आलेले नातेवाईक, सगळं होतं त्यात. कथेत मी एकच दुपार ठेवली. तीन भावंडांची दोन केली. आणि सांगणारी मी नाही, दादा. हा शेवटचा बदल केला आणि कथेत जीव आला, कारण आता त्याला तो रेडिओ का हवा होता हे मला शोधणं भाग होतं. मग आठवलं: वडील रेडिओचं मागचं झाकण काढून आत हळूच फुंकर मारायचे, तेव्हा टॉर्च धरायचं काम दादाचं असायचं. हात हलला की ओरडा बसायचा. हे मला माहीत होतं, पण भांडताना एकदाही आठवलं नव्हतं. कथेत कुणीही 'मला बाबांची आठवण येते' असं म्हणत नाही. दादा झाकण उघडतो, निघालेले स्क्रू एका बशीत ओळीने मांडतो, आणि रेडिओ चालू होत नाही.

म्हणून ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त राग आहे, त्याच्या तोंडून एकदा लिहून बघा. ते झेपत नसेल तर निदान 'मी'च्या जागी 'तो' किंवा 'ती' घाला. तेवढ्यानेही स्वतःकडे जरा लांबून बघता येतं.

कुणी 'हे पटत नाही' म्हणालं तर 'पण खरंच असं घडलं होतं' हे उत्तर चालत नाही. आयुष्यात योगायोग खपतात, कथेत ते पटवून द्यावे लागतात.

जिवंत माणसांबद्दल एक गोष्ट मी फार कळकळीने सांगेन. नुसतं नाव बदलून भागत नाही, ओळखीचे लोक बरोबर ओळखतात. वय, व्यवसाय, नातं बदला, दोन माणसांचं एक करा. दुसऱ्याचं आजारपण किंवा त्याने विश्वासाने सांगितलेलं गुपित असेल तर आधी त्याला विचारा. नाही म्हणाला तर ती कथा सोडून द्या, कितीही चांगली होणार असली तरी.

पहिला खर्डा मात्र बिनधास्त खऱ्या नावांनिशी, जसं घडलं तसाच लिहा आणि कुणाला दाखवू नका. वर सांगितलेली सगळी मोडतोड दुसऱ्या खर्ड्यात करायची.