मधलं नाव

चिऊ,

परवा गाडीत तू विचारलंस, "बाबा, फॉर्मवरचं मधलं नाव गाळलं तर चालेल?" ते मधलं नाव म्हणजे मीच गं. सिग्नल सुटला आणि मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली.

विषय तुझ्या लघुग्रहांच्या प्रोजेक्टवरून निघाला होता. २००६ व्हीपी३२ हे एका लघुग्रहाचं तात्पुरतं नाव. आधी शोधाचं साल, आणि 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. मला हसू आलं, कारण आमच्याकडेही आधी अक्षरच येतं. माझं नक्षत्र स्वाती, चरण तिसरा, अक्षर 'रो'. आजोबांनी पंचांग बघून 'रोहिदास' काढलं. ते पत्रिकेतून कधी बाहेर आलंच नाही.

कक्षा पक्की झाली की क्रमांक, मग शोधणाऱ्याला नाव सुचवायला १० वर्षं! आम्हाला बारा दिवस मिळतात. त्या व्हीपी३२चा क्रमांक ३००१२८. २०१९मध्ये त्याला पंडित जसराजांचं नाव मिळालं. उजवीकडून दोन-दोन आकडे वाच: २८, ०१, ३०. त्यांची जन्मतारीख. आजी म्हणाली असती, पत्रिका जुळली.

आजीचं माहेरचं नाव कुसुम. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुमती' लिहिलं. वाईहून मामा आला की दारातूनच "कुसे!" अशी हाक मारायचा, आणि आजी पिठाच्या हातांनी धावत बाहेर यायची. मला तेव्हा गंमत वाटायची. आता तशी वाटत नाही. तुझ्या आईचं नाव आम्ही बदललं नाही. आजी काही बोलली नाही, फक्त तांदळाचं ताट स्वतः उचलून आत ठेवून आली.

तुझ्या बारशाला पाळणा म्हणजे धुण्याच्या कपड्यांची टोपली होती. आत्या पुण्यात, म्हणून फोनच तुझ्या कानाशी धरला. नेटवर्क इतकं खराब की तिला तीनदा "कुर्र" करावं लागलं. घुगऱ्या शेजारच्या बाईंनी सॅलड समजून खाल्ल्या. हे सगळं तुझ्यावर लादायचं म्हणून सांगत नाहीये. म्हणजे, थोडंसं असेलही.

पण पियाझी या खगोलशास्त्रज्ञाचं तूच सांगितलंस. १८०१मध्ये पालेर्मोत त्याला पहिला लघुग्रह सापडला, नाव ठेवलं 'सेरेस फर्डिनान्डिया'. दुसरं नाव त्याच्या राजाचं. बाकीच्या देशांना तो राजा नको होता, म्हणून ते गळालं. धान्याची देवी तेवढी राहिली.

फॉर्म टेबलावर आहे. मधला रकाना मी भरलेला नाही. शुक्रवारी द्यायचाय.

आणि 'रोहिदास' शाळेत कुणाला सांगू नकोस.

बाबा